आधी वॅट, मग लिटर: लहान गेमिंग डेस्कटॉपबरोबरची अडीच वर्षे

माझ्या टेबलावर गेली अडीच वर्षे ११ लिटर आकारमानाचा एक डेस्कटॉप आहे आणि माझे सगळे गेमिंग त्याच्यावरच चालते. त्याआधी सात वर्षे मी टेबलाखाली ठेवलेला मोठा टॉवर वापरत होते. तो काढून टाकण्यापूर्वी मी त्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजून गुणाकार केला, तेव्हा उत्तर ४६ लिटर आले. झाकण काढून आत पाहिले तर हार्ड डिस्कचे पिंजरे रिकामे होते, डीव्हीडी ड्राइव्हचे दोन्ही कप्पे रिकामे होते, कॅबिनेटच्या मागच्या सात खाचांपैकी दोनच ग्राफिक्स कार्डाने व्यापल्या होत्या आणि उरलेल्या जागेत तारा, धूळ आणि हवा यांच्याखेरीज काहीही नव्हते. एवढी रिकामी जागा मी इतकी वर्षे का सांभाळत होते, या प्रश्नापासून माझा शोध सुरू झाला. त्या शोधात हाती काय लागले आणि काय सोडावे लागले, हे येथे सविस्तर लिहून ठेवते आहे.

मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा की, लहान पेटीत गेम मंद चालतात का? प्रोसेसरला किंवा ग्राफिक्स चिपला आपण किती मोठ्या पेटीत आहोत याची काहीच जाणीव नसते. तिला जाणवते ते फक्त तापमान आणि मिळणारी वीज. ही दोन्ही मर्यादेत राहिली तर ११ लिटरमधले कार्ड आणि ४६ लिटरमधले तेच कार्ड सेकंदाला तेवढ्याच फ्रेम्स, म्हणजे पडद्यावरची चित्रे, देतात. मर्यादेत राहिली नाहीत तर चिप स्वतःचा वेग उतरवते आणि पंखे ओरडू लागतात. म्हणून लहान डेस्कटॉपच्या फायद्या-तोट्यांची चर्चा ही खरे तर उष्णतेची चर्चा आहे आणि बाकीचे बहुतेक मुद्दे तिच्या मागोमाग येतात.

मोठ्या टॉवरचा आकार कुठून आला हे पाहिले की लहान डेस्कटॉप शक्य का झाला, याचे उत्तर मिळते. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकाचा मदरबोर्ड, म्हणजे बाकीचे सगळे भाग ज्याला जोडले जातात तो मुख्य बोर्ड, ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो. त्या काळात ध्वनीसाठी वेगळे कार्ड, नेटवर्कसाठी वेगळे, मोडेमसाठी वेगळे, असे सर्व काही स्वतंत्र बसवावे लागत असे आणि त्या साऱ्या कार्डांना खाचा हव्या असत. २००१ मध्ये व्हिया या कंपनीने मिनी-आयटीएक्स हे १७० बाय १७० मिलिमीटरचे मानक मांडले. त्याचे क्षेत्रफळ एटीएक्सच्या दोन-पंचमांशांपेक्षाही किंचित कमी भरते. ते मांडताना गेमिंगचा विचार नव्हता. कमी वीज खाणाऱ्या, शांत, लहानशा यंत्रांसाठी ते होते. त्याच वर्षी शटल या कंपनीने घनाकृती लहान संगणक बाजारात आणले आणि मित्रांच्या घरी संगणक नेऊन एकत्र खेळणाऱ्यांना ते विशेष आवडले.

त्यानंतरच्या वीस वर्षांत मोठ्या पेटीची कारणे एकेक करून नाहीशी झाली. ध्वनी, नेटवर्क आणि वाय-फाय मदरबोर्डावरच आले. डीव्हीडी ड्राइव्ह गेले. मुठीएवढ्या हार्ड डिस्कच्या जागी २२ बाय ८० मिलिमीटरची, च्युइंगगमच्या पट्टीसारखी एनव्हीएमई डिस्क आली, जी थेट मदरबोर्डावर आडवी बसते आणि तिला तारही लागत नाही. दोन-दोन ग्राफिक्स कार्डे जोडून खेळण्याची पद्धतही मागे पडली. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेत ही सोय फक्त ३०९० आणि ३०९० टीआय या कार्डांत उरली होती आणि ४० मालिकेत तीही गेली. मिनी-आयटीएक्स बोर्डावर ग्राफिक्स कार्डासाठी एकच खाच असते ही एके काळी मोठी उणीव मानली जाई. आज गेमिंग करणाऱ्याला दुसऱ्या खाचेची आठवणही होत नाही.

एकच वस्तू मात्र उलट दिशेने गेली, ती म्हणजे ग्राफिक्स कार्ड. २०१६ मधल्या जीटीएक्स १०८० ची वीज १८० वॅट होती आणि कार्ड दोन खाचांचे, साधारण २६७ मिलिमीटर लांब होते. २०२२ मधले आरटीएक्स ४०९० हे ४५० वॅटचे, तीन खाचा व्यापणारे आणि एनव्हिडियाच्या स्वतःच्या आवृत्तीत ३०४ मिलिमीटर लांब होते. इतर उत्पादकांची कार्डे त्याहूनही लांब निघाली. २०२५ मधल्या ५०९० ची वीज ५७५ वॅटवर गेली, पण त्याची एनव्हिडियाची आवृत्ती दोनच खाचांत मावते, आणि हे अभियांत्रिकीच्या दृष्टीने मला खरोखर कौतुकास्पद वाटते. २०२४ मध्ये एनव्हिडियाने लहान कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या कार्डांसाठी ३०४ बाय १५१ बाय ५० मिलिमीटर अशी एक मर्यादा ठरवून दिली. त्यामुळे कार्ड आणि कॅबिनेट यांचा मेळ घालण्याचे काम बरेच सोपे झाले. त्याआधी ग्राहकाला प्रत्येक कार्डाची लांबी, उंची आणि जाडी स्वतः शोधावी लागे, आणि उत्पादकांच्या माहितीपत्रकात जाडी मिलिमीटरमध्ये देण्याऐवजी 'अडीच खाचा' असे मोघम लिहिलेले असे.

आता उष्णतेकडे वळते. एक गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो मलाही होता. लहान संगणक खोली जास्त तापवतो असे अनेकांना वाटते. संगणकात गेलेली जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. ३०० वॅट घेणारे यंत्र ११ लिटरचे असो वा ४६ लिटरचे, खोलीत ३०० वॅटच उष्णता सोडते. फरक पडतो तो ती उष्णता चिपपासून पेटीबाहेर नेण्याच्या मार्गात. मोठ्या पेटीत उंच कूलर बसतो, मोठे पंखे हळू फिरूनही पुरेशी हवा हलवतात आणि मार्गात थोडी चूक झाली तरी भागून जाते. लहान पेटीत अशा चुकीला क्षमा नसते.

म्हणून यंत्राचे भाग निवडताना मी क्रम उलटा केला. बहुतेक जण आधी एखाद्या सुंदर कॅबिनेटच्या प्रेमात पडतात, लिटर ठरवतात आणि मग त्यात काय मावेल ते शोधतात. मी आधी वॅट ठरवले. माझा मॉनिटर १४४० पी चा, म्हणजे उभ्या दिशेने १४४० ठिपक्यांचा, आहे, त्यावर ज्या दर्जाचे खेळ मला हवे होते त्यासाठी २०० वॅटचे आरटीएक्स ४०७० पुरेसे होते, आणि त्याची २४४ मिलिमीटर लांबीची, दोन खाचांची आवृत्ती मिळत होती. प्रोसेसर म्हणून रायझन ७ ७८००एक्स३डी घेतला. त्याच्या कागदोपत्री मर्यादेचा आकडा १२० वॅट असला तरी ९६ मेगाबाइटच्या मोठ्या एल-३ कॅशमुळे (चिपमधल्या जलद मेमरीमुळे) गेममध्ये तो कमी विजेत भरपूर काम करतो. माझ्या यंत्रात खेळताना तो साधारण ५५ ते ७० वॅटच्या आसपास राहतो. याउलट इंटेलच्या कोअर आय९-१३९००के ची कमाल मर्यादा २५३ वॅट आहे. अशा प्रोसेसरला ४७ मिलिमीटर उंचीच्या कूलरखाली बसवणे म्हणजे त्याची किंमत देऊन त्याची ताकद कुलुपात ठेवणे होय. प्रोसेसर वाईट आहे असे मी म्हणत नाही. तो या पेटीसाठी नाही, एवढेच.

वॅट ठरल्यावर लिटरचा प्रश्न आपोआप सुटला. कार्डाची जाडी, कूलरची उंची आणि पॉवर सप्लायचा आकार हे तीन आकडे हाती आले की कोणत्या कॅबिनेटमध्ये ते मावतील हे निव्वळ मोजमापाचे काम उरते. मी निवडलेल्या कॅबिनेटची रचना सँडविच म्हणून ओळखली जाते: मधोमध एक उभी पत्र्याची भिंत, तिच्या एका बाजूला मदरबोर्ड, दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, आणि दोघांना जोडणारी चपटी रायझर केबल. या रचनेचा एक लाभ मला आधी कळला नव्हता. कार्डाचे पंखे बाजूच्या जाळीपासून काही मिलिमीटरच दूर असतात आणि खोलीतली थंड हवा थेट ओढतात. माझ्या जुन्या टॉवरला पुढे काच होती. तिथे कार्डाला मिळणारी हवा आधी अरुंद फटीतून येई, आत रेंगाळे आणि प्रोसेसरच्या गरम हवेत मिसळून मग कार्डापर्यंत पोहोचे. जुने कार्ड नव्या पेटीत काही दिवस लावून पाहिले तेव्हा त्याचे तापमान त्याच गेममध्ये चार-पाच अंशांनी कमी भरले. लहान पेटीत कार्ड अधिक थंड राहील ही शक्यताच मी विचारात घेतली नव्हती.

प्रोसेसरच्या बाजूचे चित्र मात्र इतके समाधानकारक नाही. मोठ्या टॉवरमध्ये १५५ ते १६० मिलिमीटर उंचीचा कूलर सहज बसतो. सँडविच रचनेत ४५ ते ७० मिलिमीटरमध्ये भागवावे लागते. एखादा गेम पहिल्यांदा सुरू करताना शेडर, म्हणजे दृश्ये रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तयार होत असतात तेव्हा प्रोसेसरच्या सगळ्या गाभ्यांवर ताण येतो आणि माझ्या यंत्रात तापमान काही मिनिटे ८० च्या पुढे जाते. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ अंश सेल्सिअस असल्याने हे सुरक्षित आहे, पण त्या वेळी पंख्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. ज्यांना गेमिंगबरोबर तासन्तास व्हिडिओ एन्कोडिंग किंवा थ्रीडी रेंडरिंग करायचे असते त्यांना ही काही मिनिटांची गोष्ट तासांची होते आणि त्यांनी या रचनेचा फेरविचार करावा, असे मी आग्रहाने सांगते.

उष्णता आवरण्याचे सर्वांत प्रभावी साधन मला कुठल्याही पंख्यात सापडले नाही. ते अंडरव्होल्टिंगमध्ये, म्हणजे चिपला दिले जाणारे व्होल्टेज थोडे उतरवण्यात, सापडले. चिपमध्ये काम करताना खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे चिपच्या घड्याळाचा (क्लॉकचा) वेग तोच ठेवून १.०५ ऐवजी ०.९५ व्होल्ट दिले तर तो खर्च सुमारे १८ टक्क्यांनी उतरतो. कारखान्यातून निघालेली प्रत्येक चिप थोडी वेगळी असते आणि त्यातली सर्वांत कमजोर चिपही स्थिर चालावी म्हणून उत्पादक व्होल्टेज थोडे जास्तच ठेवतात; त्या जास्तीच्या भागातून आपल्याला काटकसर करता येते. माझे २०० वॅटचे कार्ड आता १६५ ते १७० वॅटमध्ये चालते आणि फ्रेम्समधला फरक मला मोजमापात जेमतेम दिसतो, डोळ्यांना तर मुळीच दिसत नाही. प्रोसेसरसाठी एएमडीच्या बोर्डांवर बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर असतो, त्यानेही असेच साधते. यासाठी दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतात: व्होल्टेज थोडे उतरवायचे, तासभर एखादा जड गेम चालवायचा, यंत्र अडखळले तर एक पायरी मागे यायचे. मोठ्या टॉवरचे मालक हे सहसा करत नाहीत, कारण त्यांना गरज वाटत नाही. लहान यंत्राने मला ही शिस्त लावली आणि आज माझ्यासमोर मोठा टॉवर आला तरी मी त्यात हेच करीन.

आवाजाबद्दल मी थोडे अधिक लिहिणार आहे, कारण कागदावरच्या तुलनांमध्ये तो नेमका निसटतो. लहान पंख्याला मोठ्या पंख्याइतकी हवा हलवण्यासाठी वेगाने फिरावे लागते आणि वेगाबरोबर आवाज वाढतो, शिवाय त्याची पट्टीही चढते. १२० मिलिमीटरच्या पंख्याची खालच्या स्वरातली घरघर मन विसरून जाते. ९२ मिलिमीटरच्या पंख्याची सुई टोचल्यासारखी शीळ विसरता येत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अंतराची. मोठा टॉवर टेबलाखाली, पायांशी असतो. लहान डेस्कटॉप टेबलावर, मॉनिटरच्या शेजारी येतो. मोकळ्या जागेत आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे झाले की पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते. म्हणजे तेवढाच आवाज करणारे यंत्र केवळ जागा बदलल्यामुळे अधिक गोंगाटी वाटू लागते. त्यात भिंती जाळीच्या, म्हणून ग्राफिक्स कार्डातल्या कॉइलची बारीक किणकिण, जी जाड पत्र्याच्या टॉवरमध्ये दबून जात होती, ती सरळ कानावर येते.

यावर मी तीन उपाय केले. फ्रेम रेट १२० वर बांधला, त्यामुळे सोप्या दृश्यांमध्ये कार्ड विनाकारण ३०० फ्रेम्स काढत बसत नाही आणि किणकिणही घटते. पंख्याचा वेग तापमान बदलल्याबरोबर न बदलता काही सेकंद थांबून बदलावा अशी व्यवस्था बायोसमध्ये केली. कारण सतत चढ-उतार करणारा आवाज स्थिर आवाजापेक्षा जास्त त्रास देतो. आणि यंत्र टेबलाच्या कडेला, कानापासून हातभर दूर सरकवले. हेडफोन लावणाऱ्याला यातले काहीच जाणवणार नाही. त्याच खोलीत अभ्यास करणाऱ्या माणसाला मात्र जाणवते, आणि माझ्या घरात तसे माणूस आहे.

जोडणी हा भाग मला मनापासून आवडतो, तरी तो सर्वांना आवडेल असे मी म्हणणार नाही. मोठ्या टॉवरमध्ये कुठलाही भाग कुठल्याही क्रमाने बसवता येतो. येथे क्रम चुकला की सगळे उलगडावे लागते: कूलर बोर्ड बाहेर असतानाच बसवायचा, प्रोसेसरच्या विजेची तार कूलरच्या आधी लावायची, मागच्या बाजूची एनव्हीएमई डिस्क तर त्याही आधी. एटीएक्स पॉवर सप्लाय १५० बाय १४० बाय ८६ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एकटाच पावणेदोन लिटरहून अधिक. त्याच्या जागी येणारा एसएफएक्स सप्लाय १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम ०.८ लिटर. पण त्याच्यासोबत येणाऱ्या तारा लहान पेटीसाठी बहुधा गरजेपेक्षा लांब निघतात आणि त्या दुमडून ठेवण्यात हवेचा मार्ग अडतो. नव्या कार्डांच्या १६ पिनांच्या कनेक्टरची तार कनेक्टरपासून साधारण ३५ मिलिमीटर सरळ गेल्यावरच वळवावी असा सल्ला दिला जातो, कारण कनेक्टर अर्धवट बसला तर तो तापून वितळू शकतो. लहान कॅबिनेट घेताना कार्डाच्या उंचीत ही जागा धरली नाही तर बाजूचे झाकणच लागत नाही किंवा लागताना ते तार दाबते. तार दाबून झाकण लावण्यापेक्षा ते कॅबिनेट परत केलेले बरे.

रायझर केबलने मला एक आठवडा छळले. गेम सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे झाली की पडदा काळा व्हायचा आणि यंत्र पुन्हा सुरू करावे लागायचे. मी ड्रायव्हर बदलले, रॅम तपासली, अंडरव्होल्ट काढून टाकला, पॉवर सप्लायवर संशय घेतला. शेवटी कार्ड सँडविचमधून काढून थेट बोर्डाच्या खाचेत लावले, तेव्हा दोष नाहीसा झाला. केबल पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या मानकाच्या, चौथ्या पिढीच्या वेगासाठी बनवलेली आहे असे तिच्यावर लिहिले होते, पण तिला तो वेग पेलवत नव्हता. बायोसमध्ये जाऊन खाच तिसऱ्या पिढीच्या वेगावर बांधली आणि नंतर केबलही बदलून घेतली. १६ मार्गिका (माहिती वाहून नेणाऱ्या वाटा) वापरणाऱ्या कार्डासाठी तिसरी पिढी म्हणजे एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ गिगाबाइट, आणि तेवढ्यात ४०७० सारख्या कार्डाचे नुकसान फारसे होत नाही. आरटीएक्स ४०६० किंवा रेडिऑन आरएक्स ७६०० ही कार्डे मात्र आठच मार्गिका वापरतात. तिसऱ्या पिढीत त्यांच्या वाट्याला ८ गिगाबाइटच येतात, आणि गेमला कार्डावरची ८ गिगाबाइट मेमरी अपुरी पडून मुख्य रॅमकडे धाव घ्यावी लागली की हालचाल अडखळू लागते. स्वस्त कार्ड आणि स्वस्त रायझर हा जोड म्हणूनच टाळावा.

पैशाचा मुद्दा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. तेवढ्याच क्षमतेचा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड मोठ्या बोर्डापेक्षा महाग पडतो आणि त्यावर रॅमच्या चारऐवजी दोनच खाचा असतात. एसएफएक्स पॉवर सप्लाय महाग, चांगले कॅबिनेट महाग, रायझर हा खर्च तर मोठ्या टॉवरमध्ये नसतोच. निवड कमी असल्यामुळे सवलतीच्या काळातही हे भाग फारसे उतरत नाहीत. रॅम घेताना दोन्ही खाचा एकदाच भरायच्या असल्याने पुढची गरज आजच ओळखावी लागते. मी ३२ गिगाबाइट घेतली आणि ती पुरते आहे. दिलासा एवढाच की प्रोसेसर, रॅम, डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड हे खरे मोलाचे भाग दोन्हीकडे सारखेच असतात आणि उद्या मोठ्या पेटीत हलवता येतात.

हे सारे स्वतः जोडलेल्या यंत्राबद्दल झाले. दुकानात 'कॉम्पॅक्ट गेमिंग पीसी' या नावाखाली आणखी दोन प्रकार मिळतात आणि तिन्हींना एकच समजण्यात फसगत होते. एक म्हणजे मोठ्या कंपन्यांनी तयार विकलेले लहान डेस्कटॉप. ते नीट बसवलेले असतात, एकच हमी मिळते, जोडणीचे कष्ट वाचतात. पण त्यांतल्या काहींचा मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय त्या कंपनीच्याच आकाराचा असतो, आणि हमी संपल्यावर सप्लाय गेला की बाजारातला कोणताही सप्लाय त्यात बसत नाही. घेण्याआधी बोर्ड मिनी-आयटीएक्स आणि सप्लाय एसएफएक्स किंवा फ्लेक्स मानकाचा आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत. उत्तर देताना विक्रेता चाचरला तर तेच उत्तर समजावे.

दुसरा प्रकार मिनी पीसीचा, जो तळहातावर मावतो. त्यात लॅपटॉपची चिप असते आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड बहुधा नसते. रायझन ७ ७८४०एचएस मधले रेडिऑन ७८०एम हे आजवरच्या अंतर्गत ग्राफिक्सच्या तुलनेत चांगले आहे. १०८० पी वर जुने आणि हलके खेळ, ऑनलाइन स्पर्धात्मक खेळ त्यावर व्यवस्थित चालतात. पण त्याला स्वतःची मेमरी नाही. डीडीआर५-५६०० च्या दोन रॅमपट्ट्या मिळून सेकंदाला ८९.६ गिगाबाइट देतात आणि ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स वाटून घेतात. माझ्या ४०७० ला एकट्याला ५०४ गिगाबाइट मिळतात. म्हणूनच असा मिनी पीसी एकाच रॅमपट्टीसह घेणे ही घोडचूक ठरते, कारण आधीच अरुंद असलेला रस्ता त्याने निम्मा होतो. एएमडीच्या रायझन एआय मॅक्स प्लस ३९५ या चिपने हा रस्ता रुंद केला आहे: २५६ बिटांचा मेमरी मार्ग, सेकंदाला २५६ गिगाबाइट आणि ४० ग्राफिक्स एकके. फ्रेमवर्क कंपनीचा २०२५ मधला साडेचार लिटरचा डेस्कटॉप याच चिपवर उभा आहे. तंत्रज्ञान म्हणून मला ते आकर्षक वाटते, पण त्यातली मेमरी बोर्डावर कायमची जोडलेली आहे आणि ग्राफिक्स पुढे कधीही बदलता येत नाही. मोठ्या खोलीतून लहान खोलीत राहायला जाणे वेगळे आणि भिंती न हलवता येणारी खोली घेणे वेगळे.

मग गेमिंग लॅपटॉपच का घेऊ नये? मी तोही विचार केला होता. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०७० मध्ये ४,६०८ गाभे (गणना करणारी लहान एकके) आणि ८ गिगाबाइट मेमरी असते, तर डेस्कटॉपच्या त्याच नावाच्या कार्डात ५,८८८ गाभे आणि १२ गिगाबाइट. नाव एकच, वस्तू दोन. प्रवासात खेळणाऱ्याला लॅपटॉपला पर्याय नाही. माझा प्रवास मात्र एका घरातून दुसऱ्या घरात एवढाच असतो, आणि तिथे मॉनिटर किंवा टीव्ही असतोच. माझे यंत्र सात किलोच्या आत आहे. ते पाठीवरच्या पिशवीत मावते. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी ते मोठ्या भावाकडे नेते, त्याच्या टीव्हीला एचडीएमआय तार लावते आणि आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत खेळतो. जुना टॉवर सात वर्षांत एकदाही घराबाहेर पडला नव्हता. लहान डेस्कटॉपने मला जे दिले त्यात सर्वांत वर मी हेच ठेवते. फ्रेम्सच्या तक्त्यात ते कुठेच दिसत नाही.

धुळीबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. मार्ग अरुंद असल्याने थोडी धूळही तापमानात लगेच दिसते. पण पेटी लहान असल्याने दोन्ही झाकणे काढून ब्लोअरने साफ करायला मला दहा मिनिटे पुरतात, म्हणून ते काम दर दोन महिन्यांनी होतेही. टॉवर ओढून बाहेर काढण्याच्या कंटाळ्याने मी वर्ष वर्ष तो उघडत नव्हते.

कोणी मला विचारते तेव्हा मी ११ लिटरचा आग्रह धरत नाही. पहिल्यांदाच जोडणी करणाऱ्याला मी १५ ते २० लिटरच्या कॅबिनेटकडे पाठवते. त्यात बहुधा रायझर लागत नाही, १२० मिलिमीटरचे पंखे बसतात, कूलरला उंची मिळते आणि तरीही ते टेबलावर राहते. दहा लिटरच्या खाली ज्यांना मोजमाप, तारा वळवणे आणि व्होल्टेज उतरवणे यात आनंद आहे त्यांनीच जावे. आणि ज्यांना सर्वांत मोठे कार्ड हवे आहे, दर दोन वर्षांनी ते बदलायचे आहे, चार-पाच डिस्क लावायच्या आहेत, टेबलाखाली जागाही आहे, त्यांनी मोठा टॉवर आनंदाने घ्यावा. त्यांच्या गरजेला तोच योग्य आहे.

गेल्या महिन्यात मी पुढच्या कार्डाचा विचार सुरू केला. खरेदीआधी पुठ्ठा कापून ३०४ बाय १५१ बाय ५० मिलिमीटरचा एक ठोकळा चिकटवून तयार केला आणि ४०७० काढून त्या जागी ठेवून पाहिला. लांबीला तो आरामात बसला, उंचीलाही बसला; जाडीला मात्र चार मिलिमीटरने अडला आणि झाकण लागले नाही. बाजूची जाळी बाहेर फुगवून देणारे जास्तीचे झाकण मिळते, पण ते लावले तर यंत्र माझ्या पिशवीत मावत नाही. तेव्हा आता मी ४६ मिलिमीटरच्या आतली, २५० वॅटपर्यंतची कार्डे शोधते आहे, आणि तसे मनाजोगते मिळेपर्यंत ४०७० पुन्हा जागेवर बसवून टाकले आहे.